कू-चीच्या बोगद्यात मी अडकले तेव्हा

व्हिएतनामला जायचं पक्कं झालं तेव्हा मी बेळगावजवळ कंग्राळीत घरी रजेवर होते. लष्करी अभ्यासक्रमाचा आठ दिवसांचा दौरा, आणि बारा अधिकाऱ्यांत बाई मी एकटीच. आप्पा हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माझी बॅग तिसऱ्यांदा उघडलेली बघून म्हणाले, "जरा बस की गं एका जागी." बसवतच नव्हतं.

सांबऱ्याच्या विमानतळावरून दिल्ली, तिथून हनोई. दोन दिवस संग्रहालयं आणि व्याख्यानं. मी वही उघडायची आणि मिटायची. जाणार असाल तर रस्ता ओलांडायला आधी शिका: थांबू नका, पळू नका, एका चालीनं चालत राहा. स्कूटर तुम्हाला वळसा घालतात. फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून गरम रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, म्हणजे 'फो', नक्की खा. शाकाहारी असाल तर 'चाय' म्हणा. तिथं त्याचा अर्थ चहा नाही, शाकाहारी.

चौथ्या दिवशी दक्षिणेतल्या हो ची मिन्ह शहरातून बसनं दोनेक तासांवर कू-ची. अमेरिकेशी झालेल्या युद्धात माणसं वर्षानुवर्षं राहिली ते बोगदे इथं आहेत. पर्यटकांसाठी थोडे रुंद केलेत, तरी वाकूनच जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच थांबावं. आमची गाईड साठीची, हसरी बाई, नाव लान. ती पुढं, मग मी, मागं चौघे.

दुसऱ्या वळणावर दोन्ही खांदे मातीला घासले आणि माझा श्वासच अडला. पाय पुढं जाईनात.

"मॅडम, चला ना," मागून एक कॅप्टन म्हणाला.

"मागं सरा! सगळे मागं सरा!" मी ओरडले. तो आवाज मला माझा वाटला नाही.

लान तशीच रांगत उलटी आली. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझी आई इथं राहिली. पहिल्या दिवशी तीसुद्धा ओरडली होती. माझ्या पायाला धर, बाहेर जायची वाट जवळ आहे."

धरलं. मिनिटभरात उजेडात आले. तिथं सगळ्यांना उकडलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, देतात, शेंगदाण्याच्या कुटाबरोबर. चव आमच्या रताळ्याच्या जवळची. मी माझा वाटा पुढं सरकवला. कुणी हसलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. उरलेले दिवस बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. दौऱ्याचा अहवाल लिहिला, त्यात बोगद्याची लांबी होती, मी नव्हते.

परतल्यावर दोन दिवस घरी आले. आप्पा अंगणात रताळी निवडत होते.

"बोगद्यात गेलतीस व्हय?"

नुसतं हो म्हणता आलं असतं. सगळं सांगितलं.

आप्पांचे हात थांबले. "बर्फात खंदक हुता एक. सायेब मला आत जा म्हनाले, म्या न्हाय म्हनालो. दुसरा गेला, सुखरूप आला. पन मी गेलो न्हाय. कुनालाच सांगितलं न्हाय आजवर. तुझ्या आईलाबी न्हाय."

दारातून आई म्हणाली, "मला कवाच ठावं हाय. झोपंत बोलतासा की तुम्ही."

 आप्पा हसले, डोळे पुसले आणि त्या खंदकाबद्दल पहिल्यापासून सांगायला लागले.

त्याच संध्याकाळी मी अहवालात एक वाक्य वाढवलं: 'दुसऱ्या वळणावर मी घाबरले.'  अहवाल दिला, तेव्हा ते वाक्य वरिष्ठांनी लाल शाईनं खोडलं नाही, बाजूला फक्त लिहिलं, 'वर्गात सांगा.' सोमवारी सांगणार आहे.