आईचा दोन दिवसांचा ताप

आज पहाटे कुमुदताई गेली.

जन्मभर तिला कुणी हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता. माझी ही थोरली बहीण जन्मतःच बहिरी होती.

साठच्या दशकातली गोष्ट. आईला तिसरा महिना होता. अकोल्याला भावाच्या लग्नाला गेली, तिथं अंगावर बारीक पुरळ आलं, दोन दिवस ताप. लग्नघरात कोण लक्ष देतो!

अमरावतीला ताई झाली. वर्षभरानं कळलं, हिला ऐकूच येत नाही.

आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, निकाल देऊन टाकला. "गरानात भायेर निंगाली असन हे."

आई शपथा घेऊन सांगायची, ग्रहणात मी उंबरठा ओलांडला नाही. कुणी ऐकलं नाही. कान धड असलेली माणसं सगळी!

शेवटी वडिलांनी एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा पुरळाचं निघालं.

"ग्रहणाचा काही संबंध नाही. हा रुबेला दिसतो. दिवस असताना आईला झाला की बाळाला बाधतो. एकदा होऊन गेला की सहसा परत होत नाही. पुढचं मूल होऊ द्या."

"याच्यावर लस नाई का, बाई?" वडिलांनी विचारलं.

"अजून तरी नाही."

आजीला काही पटलं नाही. "दुसरं बी असंच होईन, पायजा."

आमच्याकडे मुलगा झाला की थाळी वाजवायचे. मी मुलगी, तरी वाजवली. मी दचकते का ते बघायला.

मी दचकले. भोकाड पसरलं. सगळं घर हसायला लागलं.

ताई तिथंच, थाळीकडे पाठ करून चिंचोके मांडत बसली होती.

आई पुढे एकदा म्हणाली, "तू रडली अन् मले लय आनंद झाला वं. मंग तिच्याकडे पायलं. माहा मलेच राग आला."

मला अजून आजीचा राग येतो. खोटं कशाला बोलू?

माझ्या मुलीची डिलिव्हरी अकोल्याला झाली. टेस्टमध्ये निघालं, तिच्या अंगात रुबेलाची प्रतिकारशक्ती नाही. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांनी लस दिली. पुढच्या बाळासाठी.

ताई शेजारीच बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हातानं विचारलं, इंजेक्शन कशाचं?

काय सांगणार? तुझ्यासारखं बाळ होऊ नये म्हणून?

मी बाळाचं दुपटं सारखं करायला लागले.

ताईनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या कानाला बोट लावलं.

मी मान डोलावली.

तिनं बाळ माझ्याकडे दिलं आणि माझ्या मुलीचा दुखरा दंड हळूहळू चोळत बसली.

सुखानं जा, ताई.
तुला माझा नमस्कार.