दोन बोटं जागा

भगवंतराव मराठी लिहायचे ते उजवीकडून डावीकडे. भाषा आपली, अक्षरं उर्दू. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून "म्या लासूर टेशनला बैल इकाया गेल्तो" म्हणाला, की त्यांच्या वहीत ते वाक्य त्याच्या बोलीसकट उर्दू लिपीत उतरायचं. समोरच्या पक्षाचे वकील मान लांब करून वहीत डोकावायचे आणि काहीच न कळता परत जायचे. "कुलूप लावून लिहितात," असं त्यांच्याबद्दल कोर्टात बोललं जायचं. ते स्वतः म्हणायचे, "निजामाच्या शाळेत हात घडला. सरकार बदललं म्हणून मनगट बदलू का?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी सनद आठ दिवसांची होती. मुकुंदवाडीहून सायकलनं कोर्टात आलो आणि घामेजल्या कोटानं बाररूमच्या दारात उभा राहिलो. माझे वडील सभांची पत्रकं वाटत गावभर सायकल चालवायचे. मी मुळाक्षरं पाटीवर शिकलो नाही, उरलेल्या पत्रकांवर शिकलो. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी वाचता यायचा. दारात एका वकिलानं विचारलं, "कोणाचे तुम्ही?" मी म्हणालो, "कोणाचा म्हणजे? मी वकील आहे." खोलीत हशा पिकला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून भगवंतरावांचा आवाज आला, "मियाँ, इकडं या. सायकल मारून आलेत, पानी तरी पिऊ द्या की त्यांना."

त्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला. आमच्या वकील संघाच्या सदस्यत्वाच्या अर्जात एक रकाना होता: 'बसण्याची जागा व टेबलधारकाची सही'. सनद कुणालाही मिळे, पण टेबलवाल्या वकिलानं सही दिल्याशिवाय संघात घेत नसत. रीत अशी, की एका टेबलावर एकच ज्युनिअर. आणि टेबल म्हाताऱ्याकडून जायचं ते मुलाकडं, पुतण्याकडं, जावयाकडं. नवीन टेबल टाकायचं तर आजूबाजूच्यांनी आपापली टेबलं सरकवून 'जागा आहे' म्हणायला हवं, आणि ते कुणी म्हणत नसे. ही रीत कुठंच लिहिलेली नव्हती. त्यामुळं शहरात वकील वाढले तरी बाररूममध्ये तीच पाच-सात आडनावं फिरत राहिली. छावणीतली बौद्ध पोरं, जुन्या मोहल्ल्यातली मुसलमान पोरं, खेड्यावरून एसटीनं येणारी पोरं बाहेर स्टँपविक्रेत्याच्या ओट्यावर बसायची. गरिबांच्या फुकट वकिलीच्या केसेससुद्धा संघाच्या यादीवरूनच वाटल्या जायच्या. म्हणजे गरिबाची केस गरिबाच्या पोराला मिळायची नाही.

भगवंतरावांनी माझ्या अर्जावर त्याच दिवशी सही केली. ते लासूर स्टेशनकडचे, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातले. माझी त्यांची ना जात एक, ना गाव. "तू कोणाचाच नाहीस ना? मग काम सोपं झालं," एवढंच म्हणाले.

ते संघाचे सचिव होते, आणि तो रकाना काढून टाकायचा हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी ते भाषण करत नसत. रोज दुपारी एका टेबलापाशी जाऊन चहा पीत. मुलीचं लग्न, गुडघ्याचं दुखणं, फुलंब्रीच्या शेतातला पाट, सगळं बोलून झालं, की हळूच म्हणत, "तेवढं टेबल दोन बोटं सरकलं तर?" समोरचा ओशाळून हसायचा. "अन् भिंतीकडची ती जुनी कपाटं हलवली तर लांब टेबल बसतंय. नव्या पोरांना चिठ्ठ्या टाकून जागा देता येईल." दुसऱ्या दिवशी दुसरं टेबल.

मला हे सहन व्हायचं नाही. एकदा मी भडकून म्हणालो, "साहेब, हक्काची भीक कशाला मागता?"

"भीक कुठं? चहा तर मीच पाजतो."

"ही वतनदारी आहे. ठणकावून सांगायला पाहिजे."

"ठणकावल्यावर माणूस टेबल धरून बसतो, बेटा. आधी टेबल दोन बोटं सरकू दे. माणूस मागून सरकतो."

एवढा संयम कशापायी, ते एकदाच सांगितलं त्यांनी, जिल्ह्याच्या एका जुन्या निकालाची नक्कल वाचता वाचता. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी कोर्टाची भाषा उर्दूची मराठी झाली. शेजारच्या टेबलावर मोईनसाहेब म्हणून त्यांचे दोस्त बसत. दोघांनाही कायदा उर्दूतूनच यायचा. भगवंतरावांच्या घरात मराठी होती. पुतणीच्या शाळेच्या पुस्तकांवरून सहा-सात महिन्यांत त्यांनी देवनागरी दावे लिहिण्याइतकी साधली. मोईनसाहेब तारखेला उभे राहिले, अडखळले, कुणीतरी हसलं. मग ते यायचेच बंद झाले. "त्यांच्या टेबलावर कोणाचा तरी साला येऊन बसला. 'जागा रिकामी' म्हणून शेजारी या नात्यानं सही कोणाची? माझी," भगवंतराव म्हणाले. "एकदा घरी जाऊन म्हणायचं होतं, चला, संगं बसून शिकू. त्यांचं घर दूर नव्हतं. नाही गेलो." आणि निकाल पुढं वाचायला लागले.

यमुना आली त्या वर्षी हा ध्यास घाईवर आला. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची धनगराची पोर. वडिलांची मेंढरं, भाऊ रोजानं जाणारा, आणि ही कायद्याची पदवी घेतलेली. काळा कोट घालून ओट्यावर बसायची, तर पक्षकार तिलाच विचारायचे, "बाई, वकील कुठं भेटंल?" ती सांगायची, "म्याच हाय की वकील." ते मान हलवत आत जायचे.

भगवंतरावांनी तिला विचारलं, "किती दिवस असं बसणार?"

"दादा म्हणतेत दिवाळीपत्तोर बघू. काम लागलं तर ठीक, नाय तर लगीन नाय तर नोकरी. लई दिवस एसटीचं भाडं कोन देईन?"

भगवंतराव तिच्या अर्जावर सही करू शकत नव्हते. त्यांच्या टेबलावरची एकमेव जागा माझ्याकडं होती. आज लिहिताना हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो आहे. मी उठून 'हिला बसवा' म्हणू शकलो असतो. मला ते सुचलंच नाही. मी व्यवस्था बदलायला निघालो होतो. खुर्ची सोडणं मला किरकोळ वाटलं असतं.

दिवाळीच्या आधी संघाची वार्षिक सभा होती. भगवंतरावांनी ठराव लिहिला: रकाना रद्द, कपाटं बाहेर, लांब टेबल आत, जागा चिठ्ठ्यांनी. अनुमोदनाला खिडकीजवळच्या टेबलाचे दिनकरराव तयार झाले. हे मोठं काम होतं, कारण दिनकररावांना संघात मान होता. कोण काय म्हणालं, कुणाची काय अडचण, ते सगळं भगवंतराव आपल्या वहीत टिपून ठेवत, पुढच्या चहाला विसरायला नको म्हणून.

ती वही मी वाचली. मला वाचता येत होती, कारण जमिनीच्या दाव्यांत जुने उर्दू कागद लागतात म्हणून त्यांनीच मला वर्षभर रोज संध्याकाळी अर्धा तास अलिफ-बे शिकवलं होतं. ते कोर्टात उभे होते, वही टेबलावर होती. मी एकेक टेबल वाचत गेलो आणि माझं डोकं तापत गेलं. हे टेबल मेहुण्याला, ते भाच्याला. आणि दिनकररावांचं बोलणं: 'पुतण्या तीनदा नापास झाला, त्याला वकिली नकोच आहे, पण थोरल्या भावासमोर बोलायची माझी छाती नाही. ठराव झाला तर सुटेन.'

मला वाटलं, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? दोन दिवसांत मी पत्रक छापून आणलं. मथळा, 'वकिलीतली वतनदारी'. टेबलवार वंशावळ दिली. दिनकररावांचं नाव घातलं नाही, पण 'खिडकीजवळचे ज्येष्ठ' असं लिहिलं आणि त्यांचं वाक्य अवतरणात छापलं. खाली सही केली नाही. पत्रकावर सही नसते, ते विचाराचं असतं, असं मी वडिलांकडून शिकलो होतो. सभेच्या सकाळी प्रत्येक टेबलावर एकेक ठेवलं.

सभेत गर्दी होती आणि आवाज नव्हता. भगवंतराव ठराव वाचायला उभे राहिले. पत्रक त्यांच्या कोटाच्या खिशात घडी करून ठेवलेलं दिसत होतं. त्यांनी एकेक शब्द नीट वाचला. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदन?"

दिनकरराव समोर बघत बसून राहिले.

"अनुमोदन कुणाचं?"

मागून एकजण म्हणाला, "आमच्या घरातलं बोलणं पत्रकात छापतात, अन् वर अनुमोदन मागतात?" दुसरा म्हणाला, "चहा पाजून पाजून जबान्याच घेत होते म्हणायचं!"

सगळ्यांनी भगवंतरावांकडं पाहिलं. त्यांच्याशिवाय ते कुणाला ठाऊक होतं? एवढं म्हणायचं होतं त्यांनी, की वही माझी, पत्रक माझं नाही. ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. मी सदस्य होतो, अनुमोदन द्यायचा मला हक्क होता, कबुली द्यायचाही होता. मी उठलो नाही. ठराव चर्चेविना बारगळला आणि पुढचा विषय निघाला, पिण्याच्या पाण्याच्या माठांचा.

सभेनंतर आम्ही दोघं फाटकापर्यंत चालत गेलो. त्यांनी खिशातून पत्रक काढलं, चष्मा लावला, दिनकररावांच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"माझ्या वहीतलं जसंच्या तसं उतरलंय," ते म्हणाले. "तुझी उर्दू आता पक्की झाली, मियाँ."

मग रिक्षात बसून गेले. पुन्हा त्या विषयावर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि माझी जागाही काढली नाही.

यमुना दिवाळीनंतर आली नाही. मी फुलंब्रीला गेलो. बाजार समितीत ती कारकून म्हणून लागली होती. मी तिला पत्रकातला मुद्दा समजावू लागलो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमचं समदं खरं होतं वकील. पर ते कुनाला ठावं नव्हतं? मला बसाया जागा पायजे होती."

"पुढच्या वर्षी पुन्हा..."

"तुम्हाला पुढचं वरीस असतं," ती म्हणाली आणि पुढच्या शेतकऱ्याची पावती फाडायला लागली.

भगवंतरावांनी सचिवपद सोडलं, पण चहा सोडला नाही. रोज दुपारी एका टेबलापाशी जायचे. लोक उठून खुर्ची द्यायचे, साखर विचारायचे. पण आता कुणी त्यांना मुलीच्या लग्नाचं सांगेना, शेताचं सांगेना. "ऊन लई वाढलं," एवढंच. ज्याच्या जोरावर त्यांनी दोन वर्षं माणसं एकेक करून वळवली होती, तो विश्वास माझ्या एका पत्रकानं संपला होता. मी त्यांना तसं बसलेलं बघायचो आणि माझी फाईल चाळायचो. रोज ठरवायचो, आज उठून सांगेन. वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. बाररूममध्ये शोकसभा झाली. चांगलं बोलले सगळे. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "रीतीप्रमाणं त्यांचं टेबल आता त्यांच्या ज्युनिअरकडं." आणि माझ्याकडं हात केला. लोकांनी माना डोलावल्या. वतनदारीवर लिहिणाऱ्याला वतन मिळालं होतं आणि खोलीत कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ते पत्रक मी लिहिलं होतं. साहेबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची वही मी चोरून वाचली."

मला वाटलं होतं, ओरडतील. हाकलून देतील, निदान शिव्या तरी देतील. अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

सभा सुटल्यावर दिनकरराव माझ्यापाशी आले. आता काठी घेऊन चालतात. पुतण्या त्यांच्या टेबलावर बसतो आणि कंटाळतो.

"त्याच दिवशी कळलं होतं आम्हाला," ते म्हणाले. "भगवंतराव असलं लिहिणारा माणूस नव्हता, अन् त्यांच्या वहीचं कुलूप तुलाच उघडता यायचं. मी तुझ्याकडंच बघत होतो. म्हटलं, पोरगं उठेल."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तू उठला असतास," दिनकरराव म्हणाले, "तर मी उठलो असतो रे."