चौदा नंबरची डाळ

"चव घेतल्याशिवाय माझ्या हातून ताट जात नाही," असं ऋतिका ओव्हाळ एकदा म्हणाली होती आणि रुग्णालयाच्या किचनमधले सगळे हसले होते.

हसण्यासारखंच होतं. मानवी पोषण या विषयात एम.एस्सी. करणाऱ्या मुली तिथे सहा महिने येत, त्या कॅलरी आणि प्रथिनं यांचा हिशेब बसवायला शिकण्यासाठी. चव बघायला आचारी होता. पण ऋतिका रोज साडेअकराला एक वाटी आणि चमचा घेऊन पातेल्यांसमोरून जायची. पथ्याची पेज, बिनमिठाची डाळ, दोनदा पाणी बदलून उकडलेला दुध्या, सगळं जिभेवर ठेवायची. सोबतची पूर्वा म्हणायची, "तुझ्या जिभेचा विमा काढ गं. इथल्या पेशंटपेक्षा जास्त पथ्य तूच पाळतेस."

सवय आत्याची होती. येरवड्यात आत्याची छोटी खानावळ होती आणि शाळा सुटल्यावर ऋतिका तिथेच असायची. पहिला घास आत्या स्वतः खायची, उभ्या उभ्या. "काही व्हायचंच असलं तर आधी मला होऊ दे," म्हणायची आणि मगच वाढायला घ्यायची. वडील पीएमपीच्या बस डेपोत मेकॅनिक. घरात पदवीच्या पुढे गेलेली ऋतिका पहिलीच. प्रशिक्षणाचा दाखला तिला शुक्रवारी मिळायचा होता. तो कॉलेजात दिल्याशिवाय निकाल लागणार नव्हता, आणि निकालावाचून एका डायलिसिस केंद्राने कबूल केलेली नोकरी हातात पडणार नव्हती. दाखल्यावर सही करणार होत्या शैला मॅडम. बावीस वर्षं त्यांनी हे किचन चालवलं होतं.

त्या आठवड्यात चौदा नंबरच्या खाटेवर किरकटवाडीचे बापूराव होते. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी, त्यात रक्तदाब. अशा माणसाच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडत नाही. ते रक्तात साठत जातं आणि फार साठलं की हृदयाचा ठोका चुकतो, कधी थांबतोच. म्हणून केळं नाही, शहाळं नाही, बटाटासुद्धा भिजवून, पाणी फेकून. आणि तरीही बुधवारी सकाळच्या तपासणीत बापूरावांचं पोटॅशियम चढलेलं निघालं.

डॉक्टरांनी शैला मॅडमना विचारलं. शैला मॅडम म्हणाल्या, आमच्याकडून काही नाही, घरच्यांनी बाहेरचं दिलं असेल. मग त्यांनी ऋतिकाला वॉर्डात पाठवलं.

बापूरावांची बायको मथुराबाई खाटेशेजारी स्टुलावर बसली होती.

"शहाळं दिलंत ना त्यांना?" ऋतिकाने विचारलं.

"न्हाई वो ताई. शहाळं म्या डोळ्यांनीबी बघितलं न्हाई."

"आजी, खोटं बोलू नका. माणूस खोटं बोलतो, रक्त बोलत नाही."

वाक्य तिला बोलतानाच आवडलं होतं. मथुराबाईने पदर तोंडावर घेतला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान हलवत म्हणाला, "बघा, नवरा मरायला टेकलाय आणि ह्यांचे लाड चाललेत." तेव्हापासून मथुराबाईला आत सोडायचं नाही असं ठरलं. दारावरचा रखवालदार तिची पिशवी उलटीपालटी करून बघायचा, आणि ती बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसून राहायची.

गुरुवारी साडेअकराला ऋतिकाने चौदा नंबरच्या डाळीचा चमचा तोंडात घातला.

मिठाशिवाय शिजलेल्या डाळीची एक ओळख असते. ओल्या भिंतीला जीभ लावल्यासारखी, मुकी. ही डाळ मुकी नव्हती. आधी खारट लागली आणि मग त्या खारटपणाखालून काहीतरी कडवट वर आलं, तोंडात नाणं धरल्यासारखं. ती पाणी प्यायली, तिने दुसरा चमचा घेतला. नाणं तिथेच होतं.

"संभाजीदादा, यात मीठ कुठलं?"

"ते नवीन." आचारी संभाजी कढईतून मान वर न करता म्हणाला. "मंगळवारपासून बीपीवाल्यांना तेच. मॅडमनी तुमच्यासमोरच सांगितलं की सोमवारी."

"चौदा नंबर किडनीचा पेशंट आहे."

"असेल. शीटवर बीपीची पण खूण आहे. खूण तुमची, ताई. मी काय, खूण बघतो आन् घालतो."

तिने फडताळावरचं पाकीट काढलं. वर मोठ्या अक्षरांत 'कमी सोडियम'. मागे बारीक अक्षरांत, सोडियमच्या जागी काय घातलं होतं ते: पोटॅशियम क्लोराइड. आणि त्याखाली, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

चौदा नंबरच्या आहाराच्या शीटवर दोन चौकटींत दोन खुणा होत्या, किडनी आणि बीपी. निळी शाई, तिचाच हात. दोन्ही आजार खरे, दोन्ही खुणा बरोबर. सोमवारी मॅडम नव्या मिठाबद्दल सांगत होत्या तेव्हा तिने मान डोलावली होती. बीपीच्या पेशंटना बेचव जेवण जात नाही, ताटं तशीच परत येतात, म्हणून हे मीठ. तिला ते पटलंही होतं. या मिठात काय असतं ते परीक्षेत तिने दोन गुणांसाठी लिहिलं होतं. पण चौदा नंबरची खूण तिच्या डोळ्यांसमोर आली नव्हती.

आणि मंगळवारी-बुधवारी तिने चव घेतली नव्हती. प्रबंधाच्या छपाईसाठी ती दोन्ही दिवस उशिरा आली होती. ताटं ढकलगाडीवर चढलेलीच होती, तिने नुसत्या सह्या केल्या होत्या.

तिने चौदाचं ताट उतरवलं. मग सगळी शीटं एकेक करून पाहिली. दोन्ही खुणा असलेलं शीट तेवढं एकच होतं.

शैला मॅडमनी डाळीचं बोट जिभेवर टेकवलं. मग वॉर्डात फोन लावला. "चौदाचं ताट आज पाठवत नाही. डायलिसिस लवकर घेताय? बरं करताय." फोन ठेवला.

"मॅडम, मिठाचं डॉक्टरांना..."

"सांगते मी. तू बस, पाणी पी. चेहरा बघ कसा झालाय, लोकांना वाटेल तुलाच खाट द्यायची."

दुपारभर ती डायलिसिसच्या खोलीबाहेर उभी राहिली. आतली यंत्रं एकाच सुरात काहीतरी म्हणत होती. व्हरांड्यातून मथुराबाईने तिला पाहिलं आणि उठली.

"ताई, धनी बरं हायती ना? लांबूनच बघते. हाताला कायबी न्हाई माझ्या, बघा." तिने दोन्ही तळहात पसरून दाखवले.

ऋतिकाला त्या तळहातांकडे बघवलं नाही. "बरे आहेत," ती म्हणाली. मिठाचं तिने सांगितलं नाही. मॅडम सांगणार होत्या ना.

पाच वाजता तिला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर बापूरावांची फाइल होती, बाजूला पेपरवेटखाली तिचा दाखला, अजून सही न झालेला. आणि ते मिठाचं पाकीट, तोंडाला रबरबँड लावलेलं.

"पोटॅशियम उतरलं," शैला मॅडम म्हणाल्या. "सुटलो. आहाराची नोंद लिहून ठेवली आहे, खाली सही कर. फाइल वॉर्डात गेली पाहिजे."

ऋतिकाने वाचलं. 'रुग्णाच्या पत्नीने बाहेरून दिलेल्या शहाळ्याच्या पाण्यामुळे.'

"त्यांनी दिलं नव्हतं, मॅडम."

"माहीत आहे."

"तुम्ही डॉक्टरांना सांगणार होतात."

"माणूस वाचला. मीठ उद्यापासून बंद. आता कागदाला कशाला त्रास द्यायचा?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. डोळे थकलेले होते. "त्या बाई दोन दिवसांत घरी जातील. मला इथे सात वर्षं काढायची आहेत. तुला तर अजून सुरुवातच करायची आहे. आणि खरंच लिहायचं म्हटलंस तर खुणा कोणाच्या, सह्या कोणाच्या, तेही वाचणाऱ्याला दिसेल हो."

"त्या घरी गेल्यावर काय होईल?"

"म्हणजे?"

"मीठ कमी करा, असं आपणच सांगून पाठवणार. त्यांचा मुलगा दुकानात जाईल आणि बापासाठी चांगलं म्हणून हेच पाकीट आणेल. फाइलमध्ये शहाळं लिहिलेलं असेल तर त्याला कोण अडवणार? परत चढलं की परत म्हातारीच सापडेल."

मॅडमनी दाखला पेपरवेटखालून काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि थांबल्या.

"आधी तुझी सही," त्या हळू म्हणाल्या.

ऋतिकाने फाइल जवळ ओढली. शहाळ्याच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. खाली लिहिलं: 'मंगळवार व बुधवारच्या जेवणात किचनमधून पोटॅशियम असलेलं मीठ गेलं. शीटवरच्या दोन्ही खुणा माझ्या. दोन्ही दिवस मी चव न घेता ताटं सोडली. पत्नीने बाहेरचं काही दिलेलं नाही. हे मीठ घरीही देऊ नये.' तारीख घातली, वेळ घातली, पूर्ण नावाने सही केली.

शैला मॅडमनी उलट्या बाजूने ते सगळं वाचलं. पेनाचं टोपण परत लावलं. कट्, असा आवाज झाला.

"आत्ता फाडता येईल हे पान," त्या म्हणाल्या. "ऐकतेयस का? कोणाला कळणार नाही. दाखल्याचं काय करू मी, ऋतिका?"

ऋतिकाने फाइल काखेत घेतली, मिठाचं पाकीट उचललं, खुर्ची आत सरकवली आणि वॉर्डाच्या दिशेने निघून गेली.