परीराज्याच्या वाटेवरचा राक्षस

माझे वडील सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गुरुजी होते. चिखली तालुक्यातल्या चार-पाच गावांत त्यांच्या बदल्या झाल्या, पण सगळ्यात जास्त वर्षं गेली ती अमडापूरजवळच्या एका खेड्यात. माझी चौथीपर्यंतची शाळा तिथलीच, आणि चौथीला वर्गावर तेच होते. शाळेत गुरुजी म्हणायचं, घरी बाबा, अशी सक्त ताकीद होती. एकदा वर्गात चुकून ‘बाबा’ तोंडातून गेलं, तर मधली सुट्टी होईपर्यंत मला अंगठे धरून उभं राहावं लागलं.

आई गेल्यापासून ते आमच्याकडे चिखलीला राहतात. सकाळी पेपर, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी माझ्या सात वर्षांच्या मुलीचे पाढे. ती चुकली की ते रागावत नाहीत, पुढचा आकडा स्वतःच सांगून टाकतात. सुरुवातीला मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे नुसतं बघत राहायचो. मग सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात नांदुऱ्याकडच्या रस्त्यावर एक बाग सुरू झाली. परीकथांची बाग. राजवाडा, पऱ्या, बोलणारी झाडं, पाळणे, घसरगुंड्या. मुलीच्या वर्गातली निम्मी मुलं जाऊन आली होती आणि उरलेल्या निम्म्यांत आपण आहोत, हे तिला सहन होत नव्हतं. एका रविवारी आम्ही निघालो. वडील आधी तयार नव्हते. “लेकराइचं काम हाय ते, मी कायले येऊ?” म्हणाले. मुलगी त्यांच्या हाताला लटकली, तेव्हा आधी नांदुऱ्याच्या मारुतीचं दर्शन घ्यायचं या अटीवर गाडीत बसले.

दर्शन झालं. शंभर फुटांच्या त्या मारुतीकडे मान वर करून बघता बघता मुलीनं विचारलं की बागेतला राक्षस याच्यापेक्षा मोठा असेल का. वडील हसले. मारुतीपेक्षा मोठा राक्षस अजून कोणी बनवला नाही, म्हणाले.

बाग तशी साधीच निघाली. दारात सिमेंटच्या छत्र्या, लाल रंगावर पांढरे ठिपके. पुढे गुलाबी राजवाडा. दक्षिणेकडचा त्याचा रंग उन्हानं आताच उडायला लागला होता. पत्र्याचे पंख लावलेल्या पऱ्या, हौदात शेपटी सोडून बसलेली जलपरी, आणि सगळीकडे भोंग्यावर गाणी. हिरवळीवर लोक डबे उघडून बसले होते. माझी बायको म्हणाली, आपणही आधी जेवून घेऊ, पण मुलीला राक्षस बघायचा होता. तिच्या मैत्रिणींनी सांगितलं होतं की त्याच्या डोक्यात मागून जिन्यानं चढायचं आणि तोंडातून, जिभेवरून घसरत खाली यायचं.

बांबूच्या बेटाला वळसा घालून वाट पुढे गेली आणि आम्ही त्याच्यासमोर आलो.

दोन मजली घराएवढा तो बसलेला होता. तोंड उघडं, डोळे वटारलेले, उजवा हात वर. मी पाहिलं आणि मला काही कळेना. डोक्यावर शिंगं होती, रंग हिरवा होता, पण चेहरा माझ्या वडिलांचा होता. सारखा वगैरे नाही. त्यांचाच. डावी भुवई मधोमध तुटलेली. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्यांना तिथे टाके पडले होते. वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला. खालच्या ओठाच्या कडेला तीळ. आणि वर उचललेल्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरातून वाकडं. वडिलांचं ते बोट तरुणपणी मोडून तसंच जुळलेलं आहे. ते उगारलं की वाकडंच उभं राहतं.

मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. बँकेत आहे, दिवसभर शंभर माणसांशी बोलतो. तिथे उभा असताना माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेलेत. वर्गात फोक उगारली गेली की जायचे, तसे. मी ते ओढून पुढे आणले.

बायकोनं ओढणी तोंडावर धरली होती. तिला हसू येत होतं की काय ते मला कळलं नाही. आम्ही दोघं वडिलांकडे बघायचं टाळत होतो. बोलली ती मुलगी. तिला त्यात वाईट काहीच दिसलं नव्हतं, उलट आनंदच झाला होता.

“आबा, हे तर तुम्हीच आहे.”

आजूबाजूच्या दोन-तीन कुटुंबांनी वळून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग वडिलांकडे, मग वर. एका बाईनं नवऱ्याला कोपरानं खुणावलं. त्यानं हळूच मोबाइल काढला. मी मध्ये जाऊन उभा राहिलो, पण उशीर झाला असावा.

वडील मान वर करून बराच वेळ बघत राहिले. एक मूल किंचाळत जिभेवरून खाली आलं, उठलं, परत जिन्याकडे पळालं. मग त्यांनी आपलं वाकडं बोट दुसऱ्या हातात झाकून घेतलं आणि जिन्यापाशी बसलेल्या माणसाला विचारलं, हे कोणी बनवलं. तो म्हणाला, बनवणारा इथंच आहे, मागं तळ्याजवळ हंसाच्या होड्या रंगवतो आहे.

मी म्हणालो, बाबा, राहू द्या. ते चालायला लागले होते. बायकोला मुलीजवळ थांबवून मी त्यांच्या मागे गेलो.

तळ्याकाठी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल असा एक माणूस उकिडवा बसून होडीच्या चोचीला पिवळा रंग देत होता. वडिलांनी विचारलं, “राक्षस तुम्ही केला?”

त्यानं वर पाहिलं. ब्रश हातातच राहिला आणि रंग त्याच्या पायावर ठिबकायला लागला. मग तो उठला, आणि तसाच वाकून वडिलांच्या पायांना हात लावला.

“गुरुजी,” तो म्हणाला. “मी जाणूनबुजून नाही केलं. मालक म्हणे, लेकरं दचकली पाह्यजे असा कर. मी हात चालवत गेलो. पुरा झाला तवा मले समजलं का कोनाचा चेहरा झाला.”

वडील म्हणाले, “मी तुले ओळखलं नाही.”

“कसं ओळखसान. अर्धंच साल होतो मी चौथीत.”

मग त्यानं सांगितलं. थांबत थांबत, जसा काही त्याचाच गुन्हा कबूल करतो आहे. शाळेची तपासणी होती. आदल्या दिवशी भिंतींना चुना दिला होता. त्यानं कोळशानं त्या पांढऱ्या भिंतीवर बैलजोडी काढली, गाडीसकट. पांढरी भिंत त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती, म्हणाला. वडिलांनी त्याला सगळ्या शाळेसमोर मारलं आणि त्याच्याच सदऱ्यानं भिंत पुसायला लावली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. मामानं त्याला मूर्ती करणाऱ्यांकडे कामाला ठेवलं.

हे सगळं मी शाळेत जायला लागायच्या आधीचं. मला ते माहीत नव्हतं. पण ऐकताना मला एकदाही असं वाटलं नाही की हा खोटं बोलतो आहे. मी वडिलांकडे पाहिलं. ते आठवायचा प्रयत्न करत होते, हे त्यांच्या कपाळावरून दिसत होतं, आणि त्यांना आठवत नव्हतं. राक्षस पाहून बसला त्यापेक्षा मोठा धक्का मला त्या क्षणी बसला. त्यांच्या लेखी ती एक सकाळ होती, बाकीच्या सकाळींसारखी.

“लय मारलं होतं का मी?” त्यांनी विचारलं.

“मार नाही आठवत, गुरुजी. चेहरा आठवते.”

वडिलांचा हात होडीच्या काठावर गेला. ओला पिवळा रंग त्यांच्या तळहाताला लागला, तरी त्यांनी हात काढला नाही. मूर्तिकार घाईघाईनं सांगायला लागला की सोमवारी बाग बंद असते, उद्याच छिन्नी लावतो, नाक-डोळे सगळं बदलून टाकतो. वडिलांनी नुसती मान हलवली आणि वळले.

जेवलो ते कसंतरी. मुलगी जिभेवरून किती वेळा घसरली ते तिनं आम्हाला मोजून सांगितलं, आम्ही हूं हूं केलं.

परत येताना खामगाव मागे पडलं. मागच्या सीटवर मायलेकी झोपून गेल्या होत्या. वडील माझ्या शेजारी, समोरच्या रस्त्याकडे बघत.

“तूही माह्याच वर्गात होता,” ते म्हणाले. “तुलेही मी असाच दिसत होतो?”

समोरून कापसाचा ट्रक येत होता. तो जाऊ देईपर्यंत मला वेळ मिळाला. त्या वेळात नाही म्हणता आलं असतं. बाबा, तो काळच तसा होता, असंही म्हणता आलं असतं. मी “हो” म्हणालो. आपल्या तोंडून हे कसं गेलं, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

अमडापूर आलं, गेलं.

सोमवारी मी बँकेतून घरी आलो तर ते नव्हते. बायको म्हणाली, सकाळच्याच एसटीनं गेले, कुठे ते सांगितलं नाही, डबा मात्र दोघांचा मागितला. दिवेलागणीला आले. पँटच्या गुडघ्यांवर सिमेंटची धूळ होती. आले, हातपाय धुतले आणि दारासमोरच्या ओट्यावर बसले. मी समोर बसलो.

दिवसभर ते त्या राक्षसाखाली खुर्ची टाकून बसले होते आणि मूर्तिकार शिडीवर होता. आधी त्यानं भुवई जोडली, मग तीळ उडवला, दात सरळ केला. बोटाशी आला तेव्हा वडिलांनी त्याला थांबवलं. “ते राहू दे म्हटलं. ते माहं हाय.” एवढंच त्यांनी मला सांगितलं. दुपारी दोघं जेवले. काय बोललात, मी विचारलं.

“तो बोलला. मी ऐकलं.”

आत मुलगी पाढ्यांची वही घेऊन त्यांची वाट बघत होती. ते उठले नाहीत. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुले काही बोलायचं असन तं बोल. मी बसलो हावो.”

मला एकदम सगळं आठवलं. फोक, मधल्या सुट्टीपर्यंत धरलेले अंगठे, घरी गेल्यावर आईला काही सांगायचं नाही हा माझा मीच घालून घेतलेला नियम. चाळीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्याकडून ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, बाबा, आधी चहा घ्या.

ते चहा प्यायले. त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून बोललेलो नाही. ते अजूनही रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात, आणि मी बँकेतून आलो की शेजारची जागा झटकतात.