ओठ दिसले पाहिजेत

डिस्क परत येणं बळवंतरावांना नवीन नव्हतं. नया बाज़ारातल्या त्यांच्या माडीवरच्या दुकानाची पाटी अजून लग्न-मुंजीच्या व्हिडिओ शूटिंगची होती, पण शूटिंग बंद होऊन बारा वर्षं झाली होती. आता लोक ट्रंकेच्या तळाशी सापडलेल्या जुन्या कॅसेटी आणून देत आणि ते त्यांच्या डीव्हीडी करून देत. त्यातल्या दोनचार परत येतच. म्हणून गरिमा नावाची ती मुलगी आठवड्यानं पुन्हा जिना चढून आली, आणि या वेळी बरोबर आईही होती, तेव्हा मशीनवरून मान न उचलता त्यांनी ठरलेलं वाक्य टाकलं.

“घरी टीव्ही मोठा घेतलाय ना? चित्र तेवढंच असतं. टीव्ही मोठा झाला की ते फाटतं.”

“काका, इकडे बघून बोला ना,” गरिमा म्हणाली. “आईला ऐकू नाही येत. ती ओठ बघते.”

बळवंतराव वळले. पन्नाशीची एक बारीक अंगाची बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्यांना एकदम आपण पान खाल्ल्याची लाज वाटली.

“टीव्ही जुनाच आहे,” बाई म्हणाल्या. आवाज सपाट होता, पण शब्द स्वच्छ. “तोंडावर चौकोन चौकोन येतात. मंडप दिसतो, खुर्च्या दिसतात. ओठ दिसत नाहीत. मला ओठ दिसले पाहिजेत.”

“मी म्हटलं पेन ड्राइव में ले लेते हैं,” गरिमा म्हणाली, “तर नाही म्हणते. हिला डीव्हीडीचा रिमोटच पाहिजे. स्लो करता येतं ना त्याच्यावर.”

गरिमाची आई, शामलाताई, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सहाव्या वर्षी मेंदूज्वरात त्यांचे कान गेले. चौऱ्याण्णव साली श्रीपादरावांशी लग्न झालं. जेवणाच्या पंगतीत नवऱ्यामुलाला नाव घ्यायला लावलं. त्या शेजारीच बसल्या होत्या, पण मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान, त्यामुळे त्यांना त्याचं तोंड दिसलं नाही. त्यानं उखाणा घेतला आणि अख्खी पंगत हसली. आजूबाजूच्या हलणाऱ्या खांद्यांवरून त्यांना ते कळलं. नंतर विचारलं, तर सासरचे म्हणाले, अगं काहीतरी गंमत केली. श्रीपादरावांना विचारलं, तर ते म्हणायचे, नाही सांगणार. कॅसेट लावली की त्या जागी बरोबर उठून टीव्हीसमोर उभे राहायचे आणि चहाची खूण करायचे. मग व्हीसीआर बिघडला. मग वर्षं गेली. मग दोन वर्षांपूर्वी श्रीपादरावही गेले.

“तुमच्या डिस्कमध्ये शेवटचा शब्द मला दिसला,” शामलाताई म्हणाल्या. “बहिरी. ‘शामला माझी बायको बहिरी.’ आणि मग सगळे हसले.”

“आई, बाबा ऐसा बोलेंगे कभी?”

“तेव्हा कुठे ओळखत होते ते मला? दोनदा बघितलं होतं फक्त.” त्या बळवंतरावांकडे वळल्या. “प, ब, म ओठांवर एकच दिसतात. तुम्ही ‘बाबा’ म्हणा नाही तर ‘मामा’. बाकीचं मी अंदाजानं घेते. म्हणून चित्र नीट पाहिजे.”

“पण ताई, आवाज आहे की,” बळवंतराव म्हणाले, “हिनं ऐकून...” आणि ते मध्येच थांबले.

“गाणं आहे तिथे,” गरिमा हळूच म्हणाली. “पूरे टाइम गाणंच आहे.”

त्या दोघी गेल्यावर बळवंतरावांनी कॅसेट हातात घेतली; तिच्यावर त्यांच्याच दुकानाचा शिक्का होता. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. बळवंतरावांनी खांद्यावर घेतला तो कॅमेरा. नऊशेच्या वर लग्नं त्यांनी टिपली आणि एकाही लग्नात स्वतः दिसले नाहीत, फार तर एखाद्या पितळी घंगाळात वाकडीतिकडी सावली. त्या काळी लग्नाच्या कॅसेटवर मूळ आवाज ठेवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं होतं. भांड्यांचे आवाज, रडणारी पोरं, कुणीतरी कुणाला तरी मारलेल्या हाका, हे कोण ऐकणार? ते सगळं पुसून त्यावर सिनेमातली गाणी चढवायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं. त्या पंगतीत कॅमेरा घेऊन ते नवरदेवापासून चार हातांवर उभे असणार. तो उखाणा त्यांनी स्वतः ऐकला असणार. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. नऊशे लग्नांतलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

सकाळी त्यांनी कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल कॉम्प्युटरवर लावली. ती बरी होती, किंचित मऊ, पण चेहरे चेहऱ्यांसारखे. म्हणजे कॅसेटचा दोष नव्हता, टीव्हीचाही नव्हता. तीन तासांचं लग्न त्यांनी एका डिस्कमध्ये कोंबलं होतं, नेहमीसारखं, एक बटण दाबून. जागा पुरेना की यंत्र चित्रातून थोडं थोडं चोरतं, आणि सगळ्यात जास्त चोरतं जिथे हालचाल असते तिथून. खुर्च्या हलत नाहीत, म्हणून त्या शाबूत राहतात. हसणारी माणसं जातात. इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या टीव्हीला दोष देताना हे आपल्याला ठाऊक होतं का? होतं, असं त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

त्यांनी लग्नाचे चार भाग केले. पंगतीच्या चाळीस मिनिटांना एक अख्खी डिस्क दिली आणि ती सगळ्यात कमी वेगावर लिहायला लावली. चौकोन गेले. मग आवाज बंद करून ते स्वतः नवरदेवाच्या ओठांकडे बघत बसले. ओठ आता स्पष्ट होते, पण थरथरत होते, पुढे जाऊन पुन्हा मागे येत होते. चित्र थांबवलं तर एकाच माणसाला दोन तोंडं, मधून आडव्या बारीक रेघा.

हे त्यांनी आधी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. कॅसेटवरचं चित्र अखंड नसतं. दोन कंगवे एकमेकांत घालावेत तसं असतं: एका कंगव्यात आधीचा क्षण, दुसऱ्यात नंतरचा. कॉम्प्युटर दुसरा कंगवा पहिला घालत होता. नाचणाऱ्या वऱ्हाडात ते खपून जातं. शब्दात खपत नाही, कारण शब्दाची मागची बाजू पुढे येते. बळवंतरावांनी क्रम उलटा केला आणि तिसरी डिस्क काढली. थांबवलेल्या चित्रात एक तोंड, एक ओठांची जोडी. दात आणि त्यामागे जिभेचं टोकसुद्धा दिसत होतं. त्यांना वाचता काही येईना. त्यांनी गरिमाला फोन केला आणि त्या दोघी येणार त्या दिवशी पान खाल्लं नाही.

दुकानात शामलाताईंनी रिमोट हातात घेतला तो कुणालाही न विचारता. पंगत आली. ओळखीचा दिसतो, असं काहीतरी त्या एका मुलाकडे बघून पुटपुटल्या. मग श्रीपादरावांनी घास खाली ठेवला, घसा खाकरला. शामलाताईंनी चित्र हळू केलं. पुढे, मागे, पुन्हा मागे. गाण्याचा आवाज लांबट, ओढल्यासारखा झाला, तसा बळवंतरावांनी तो घाईघाईनं बंद केला.

“माधवगंज,” त्या म्हणाल्या. “माधवगंजच्या... देवळापाशी. दुरून.” त्या थांबल्या. चित्र मागे नेलं. आपले ओठ त्याच्या ओठांबरोबर हलवत राहिल्या. “दुरून बाहिली? माहिली?” आणि मग एकदम, “पाहिली! माधवगंजच्या देवळापाशी दुरून पाहिली.”

उखाणा आहे म्हटल्यावर दुसऱ्या ओळीनं कुठे जायचं हे आता ठरलेलंच होतं. तरी त्यांनी ती ओळ चार वेळा बघितली. जिभेचं टोक दातांमागे टेकलं आणि क्षणभर तिथेच राहिलं.

“ली,” त्या म्हणाल्या. “री नाही, ली. शामला माझी बायको पहिली.”

“पहिली?” गरिमा म्हणाली.

पडद्यावर श्रीपादरावांच्या समोर बसलेल्या एका जाड्या बाईनं हात वर करून दोन बोटं नाचवली. पहिल्या डिस्कमध्ये तिथे नुसता करड्या चौकोनांचा ढिगारा होता.

“सुमनआत्या!” शामलाताईंच्या तोंडून जवळजवळ किंकाळी निघाली. “विचारते आहे बघ, दुसरी कधी?”

पंगत हसत होती. श्रीपादराव कान पकडून जीभ चावत होते. यमक जुळवण्याच्या नादात माणूस भर लग्नात दुसऱ्या बायकोचा हिशेब उघडून बसला होता आणि पुढे सत्तावीस वर्षं त्याला ते सांगायची लाज वाटत होती. शामलाताई हसता हसता डोळे पुसू लागल्या. “गाढव,” त्या पडद्याला म्हणाल्या. “टीव्हीसमोर उभे राहत होते. गाढव.”

बळवंतरावांनी त्यांचं हसणं ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि त्यांच्या समोर येऊन सावकाश म्हणाले, “ताई, त्यांचा आवाज मी पुसला. गाणं मी घातलं होतं.”

त्यांनी ते ओठांवरून घेतलं.

“कुठलं गाणं?”

“तेव्हा सगळ्यांच्याच लग्नात घालायचो ते.”

“मला काय, मला ते कधीच नव्हतं,” शामलाताई म्हणाल्या. “पण ह्या पोरीनं इतकी वर्षं बापाच्या तोंडी ते बघितलं. काढून टाका.”

“काढलं तर तिथे काहीच उरणार नाही. नुसतं शांत.”

“चालेल, काका,” गरिमा म्हणाली.

चौथी डिस्क निघायला वेळ लागला. दोघी थांबल्या. ती लावली तेव्हा खालून बाज़ारातले हॉर्न वर येत होते. बळवंतरावांनी उठून खिडकी लावून घेतली. पडद्यावर श्रीपादरावांनी घसा खाकरला. गरिमा पुढे सरकून बसली आणि आईसारखीच टक लावून वडिलांच्या तोंडाकडे बघू लागली.

“माधवगंजच्या,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.