राहीमावशीच्या गळ्यातली राखण

आता आमच्या औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत गेटाच्या आत लोखंडी कपाटं हायत. ज्येची त्येची किल्ली. पोरी येत्यात, मंगळसूत्र काढून आत टाकत्यात, खट्कन कुलूप लावून कामाला पळत्यात. मी शालूबाई, यंदा रिटायर व्हणार, पण त्या कपाटात मंगळसूत्र टाकायला मला अजून नगं वाटतं. पोरी हसत्यात. हसू द्या. त्यांनी राहीमावशी बघितली न्हाई. गेटासमोरच्या कडुनिंबाखाली तिच्या लेकानं बांधलेला कट्टा हाय, त्यावर आता ड्रायव्हर लोक मोबाईल बघत बसत्यात. तिची लय आठवण येते.

लोणंदला कंपनी आली तवा बायांना दोनच कामं व्हती, रानात तणाची भांगलण न्हाईतर बाजारात कांदा निवडायचा. कांद्यानं डोळ्यांचं पाणी खळायचं न्हाई आणि हाताचा वास जायचा न्हाई. कंपनीवाले म्हणले, गोळ्यांच्या पट्ट्या तपासायला बाया पायजेत. एखादा खड्डा रिकामा राहिला, एखादी गोळी तुटली, तर ती पट्टी बाजूला काढायची. महिन्याला पगार, तो बी बँकेत. आमी सगळ्या पळत गेलो, आणि गेटावरच अडलो. आत जायचं तर बांगड्या, टिकली, गजरा, मंगळसूत्र, सगळं उतरवायचं. एक काळा मणी मालात गेला आणि परदेशात सापडला, तर अख्खा माल माघारी येतो म्हणं.

मला काय त्याचं वाटलं न्हाई. माझा नवरा घरात लोळत पडलेला, त्याच्या जिवाला कसला धोका? पण अंकिता माझ्यासंगं लागलेली. तिचा नवरा शंभूराज मिलिट्रीत, तवा काश्मीरला. राहीमावशी म्हणजे शंभूराजची आई. ती सुनेला सोडायला आलेली, तिनं गेटावरच अंकिताचा हात धरला.

"पोरगा सीमेवर हाय आणि तू मोकळा गळा घेऊन काम करणार? चल घरला."

अंकिता रडायला लागली. घर पत्र्याचं, दोन पोरी शाळेला, तिला ती नोकरी पायजेच व्हती. सुपरवायझर बिचारा म्हणला, "आजी, आमी डबा देतो, त्यात ठेवा." मावशी त्याच्यावरच खेकसली, "माझ्या लेकाचं आयुष्य डब्यात कोंडू व्हय रं?"

मग तिनं सुनेचं मंगळसूत्र आपल्या हातानं काढलं आणि सवताच्या गळ्यात घातलं, आपल्या मंगळसूत्राच्या वर. म्हणली, "माझ्या गळ्यात हाय तवर त्याला काय व्हत न्हाई. जा आत, मशीन थांबलं असंल." आणि त्या कडुनिंबाखाली जी फतकल मारून बसली, ती शिफ्ट सुटंपतुर उठली न्हाई.

आमाला वाटलं, बसंल दोन दिवस. कुठलं काय. रोज यायला लागली, कमरेला भुईमुगाच्या शेंगा खोचून. मग लाईनीतली एक बाई म्हणली, "मावशी, माझं बी घाल गं, घरात सासू बोलते." मग दुसरी, तिसरी. बघता बघता मावशीचा गळा दिसायचा बंद झाला. मी बी दिलं माझं. सगळ्यांचं सुखरूप, मग आपल्याच येड्या नवऱ्याला का उघड्यावर ठेवा? एकदा परदेशातनं गोरा साहेब तपासणीला आला. मावशीला बघून त्यानं इचारलं, ही मालकीण का? मावशी म्हणली, "सांगा त्याला, व्हय म्हणावं. माल चांगला हाय, बिनघोर ने."

झेंडावंदनाला कंपनीचा साहेब भाषण करायचा, तुमच्या हातच्या गोळ्या देशोदेशी जात्यात, देशाला डॉलर येत्यात. आमाला डॉलर काय दिसला न्हाई, पण लोणंदला तो दिसत व्हता. गेटापुढं वडापावच्या गाड्या आल्या, रिक्षा आल्या, बायांच्या नावावर खोल्या चढल्या, अंकिताच्या पोरी कॉलेजला गेल्या. साहेबानं भाषणात सगळ्यांची नावं घेतली, मावशीचं कवा घेतलं न्हाई. ती झाडाखाली बसली नसती तर निम्म्या बाया सासूच्या धाकानं परत कांद्याला गेल्या असत्या. मग कसला डॉलर आणि कसलं काय.

आणि मग नाथाजीमामा गेलं, मावशीचा नवरा. उसाला पाणी धरताना छातीत कळ आली आणि बांधावरच बसलं. मावशीच्या गळ्यातलं तिचं सवताचं उतरलं. दिवस झाले, कार्य झालं, पण मावशी झाडाखाली आली न्हाई. आमी मंगळसूत्रं रुमालात बांधून डब्यात ठेवायला लागलो, आणि आत कुजबुज सुरू झाली. आता तिच्या गळ्यात कसं घालायचं गं? मला असला राग यायचा. अगं, इतकी वर्सं त्याच गळ्याच्या जिवावर पगार उचलला की तुमी.

एका सोमवारी अंकिता सासूला हाताला धरून घेऊन आली. मावशीनं पदर गळ्याभवती घट्ट आवळलेला. झाडापतुर आली आणि तिचा पाय पुढं पडंना.

"नगं गं बायांनो," ती म्हणली. "माझं मलाच राखता आलं न्हाई, तुमचं काय राखू? आणि अंकिता, तुझं तर बिलकूल नगं. पोरगं अजून सीमेवर हाय माझं."

अंकितानं गळ्यातलं मंगळसूत्र काढलं. पयल्या दिवशी ज्याच्यापायी मावशीनं तिचा हात धरलेला, तेच. सासूचा पदर बाजूला केला, मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं, वाट्या सरळ केल्या.

"आत्याबाई, चारला सुटते," ती म्हणली. "समद्या शेंगा खाऊ नगा, मला ठेवा." आणि मागं न बघता गेटातनं आत गेली.

मग कुणी कुजबुजलं न्हाई. एकामागं एक बाया वाकल्या. माझी पाळी आली तवा मावशीचा गळा पार भरलेला, आणि माझ्या डोळ्यांना पाणी, समोर कांदा नसताना. मावशीनं माझ्या हातातलं मंगळसूत्र घेतलं, आपल्याच हातानं गळ्यात घातलं आणि मला चापट मारली.

"रडतीस काय, शालू? जा आत. मशीन थांबलं असंल."