मी सांगितलेला चेहरा

आमच्या घरातलं ते चित्र आता भावाकडं आहे. येणारे-जाणारे त्याच्यापुढं थांबतात आणि "काय हात आहे हो, अगदी जिवंत!" म्हणतात. तेलरंगातलं जुनं चित्र. वडील अडकित्त्यानं सुपारी कातरतायत, मी परकर सावरून बसलेय, भाऊ रांगत सुपाकडं निघालाय आणि आई त्या सुपात ज्वारी निवडतेय. "ही आमची आई," असं भाऊ कौतुकानं सांगतो. मी उठून आत जाते. म्हातारीला आईची आठवण आली, असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे मेलं. चित्रातली ती बाई आमची आई नाही. ती कुणीच नाही, आणि हे सांगणारी आता मी एकटीच उरलेय.

आम्ही जालन्यात मस्तगडाला राहायचो. निजामाचं राज्य होतं. वडील तहसील कचेरीत होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि रागावले की दोन्ही. मी सात वर्षांची असताना भावाच्या बाळंतपणात आई गेली. तिचा एकच फोटो होता. फोटोवाल्यानं दहादा बजावलं होतं, बिलकुल हलायचं न्हाई. नेमकी मी शिंकले आणि आईनं माझ्याकडं मान वळवली. बाकीचे सगळे स्वच्छ आले. आईच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग आला.

भावाला सांभाळायला मावशी आली. ही आईची धाकटी बहीण, सोळाव्या वर्षी विधवा होऊन परतूरला सासरी पडून होती. आमच्याकडं आली तेव्हा बावीस-तेवीसची असेल. डोक्याचे केस काढलेले, अंगावर लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. भावाला तिनं पहिल्या दिवशी जो कडेवर घेतला तो चालायला लागेपर्यंत खाली म्हणून ठेवला नाही.

अण्णा आणि मावशी एकमेकांशी बोलत नसत. मेव्हणी, त्यात विधवा, घरात दुसरं मोठं माणूस नाही. रीतच तशी होती. सगळे निरोप माझ्याकरवी. "मावशीला सांग, आज उशीर होईल." मावशी तिथंच चार हातांवर उभी. तरी मी सांगायची, मंग ती म्हणायची, "बरं म्हणावं." तेही मी परत पोचवायची. मला मोठी ऐट वाटायची त्याची.

भाऊ वर्षाचा झाला आणि अण्णांनी मनावर घेतलं. पोरगं आईचं तोंड न बघता वाढणार, हे त्यांना सोसत नव्हतं. गावात नाटकाचे पडदे रंगवायला एक पेंटर आलेला होता, त्याला त्यांनी घरी आणलं. "सणावाराचं नको," अण्णा म्हणाले, "रोजचं घर काढा. ती असताना होतं तसं."

पेंटरनं फोटो उजेडात धरला, उलटा-सुलटा केला. "साहेब, इथं चेहराच न्हाई. सारख्या चेहऱ्याचं जवळचं कुणी हाय का?"

अण्णांनी भिंतीकडं बघितलं. मग मला म्हणाले, "मावशीला विचार, बसतील का."

मी विचारलं. मावशीनं आलवणाचा पदर आणखी पुढं ओढला. मग म्हणाली, "बसते म्हणावं. पण आलवणात कशी बसू?"

अण्णांनी पेटीतून आईचं हिरवं लुगडं काढलं, माजघराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि बाहेर निघून गेले.

अगं बाई, काय दिसली ती! मी आपली बघतच राहिले. बांगड्या आणि कुंकू पेंटर आपल्या मनानं काढणार होता, ते तिला घालावं-लावावं लागलं नाही. रोज दुपारी जेवणं आटोपली की ती सूप घेऊन बसायची. अण्णांना पेंटरनं सकाळी वेगळं बसवून घेतलं होतं, त्यामुळं समोर ते नसायचे. घरभर जवसाच्या तेलाचा वास. पेंटर रंगात तेच तेल घालायचा. त्या आठ-दहा दिवसांत मावशी गुणगुणायला लागली. एकदा तर आमटीत दोनदा मीठ पडलं आणि रागवायच्या ऐवजी आम्ही दोघी खिदळत बसलो.

एके दिवशी पेंटर चहाला बाहेर गेल्ता. मावशी उठून चित्रापुढं उभी राहिली. त्यानं पदराच्या कडेनं काळेभोर केस काढले होते, कपाळावर कुंकू, आणि चेहरा तिचाच. अगदी बराबर तिचाच.

"केस जास्तच काढले न्हाई का गं त्यानं?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "न्हाई. असेच होते माझे."

चित्र पुरं झालं तसं अण्णांनी शेजारपाजाऱ्यांना बोलावलं. बायका माजघराच्या दारातून बघत होत्या. सगळ्यात पुढं शेजारच्या काकू. मावशी परत आलवणात, चुलीपाशी. मला वाटलं, एवढी सुंदर दिसते आणि तिचं नाव कुणीच घेत नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "ही आई न्हाई काही, ही आमची मावशी! कुंकू लावून किती छान दिसते बघा!"

तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"अगं बाई गं," काकू म्हणाल्या. "रांडावल्या पोरीच्या कपाळी कुंकू! अन् बसवली कुठं, तर मेव्हण्याच्या शेजारी!" बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अण्णांचं तोंड काळंठिक्कर पडलं. पाच मिनिटांत घर रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पेंटरला बोलावलं. "हा चेहरा काढून टाका. हिच्या आईचा काढा."

"कसा होता सांगा साहेब, काढतो."

अण्णा विचारात पडले. "गोरी होती," ते म्हणाले. "नाक सरळ होतं." थोडं थांबून परत म्हणाले, "गोरी होती." दहा वर्षांचा संसार, पण दिवसाउजेडी बायकोच्या तोंडाकडं नीट बघायची सोय त्या काळच्या माणसाला कुठं होती? शेवटी ते म्हणाले, "पोरीला विचारा," आणि कचेरीत गेले.

पेंटरनं पातळ पात्यानं चेहरा खरवडला. रंग अजून ओलसर होता, कुंकवासकट निघून आला. मग तो मला म्हणाला, "हां, सांगा बाई."

खरं सांगते, मला काहीच आठवत नव्हतं. आईचा हात आठवत होता, तिच्या लुगड्याचा वास आठवत होता. चेहरा आठवायला गेलं की मावशीच दिसायची. पण "आठवत न्हाई" म्हणायची लाज वाटली. आपली आई आणि आपल्याला आठवू नये? मी सांगत सुटले. गाल भरलेले होते. भुवया जाड होत्या. हनुवटीवर तीळ होता. तीळ आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईला होता. पेंटर काढत गेला. मधेच मी वळून बघितलं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आपल्या सख्ख्या बहिणीला तीळ नव्हता, हे तिला ठाऊक नसेल? ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली आणि आत गेली.

अण्णांनी चित्र भिंतीला लावलं. त्यांना ते पटलं की नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. भाऊ मुंजीत त्या बाईच्या पाया पडला. लहानपणी आरशात हनुवटी न्याहाळायचा आणि विचारायचा, "ताई, मला तीळ का न्हाई?" मी त्याला खेळायला पिटाळायची.

संस्थान गेलं त्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्ते. बाहेर गावात काय काय घडून राह्यलं होतं, पण मला आपलं बाळ आणि मावशीचे हात एवढंच ठाऊक. एका सकाळी ती माझं डोकं चोळत होती. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, मी खोटं सांगितलं होतं. तीळ न्हाई, भुवया न्हाई, सगळं खोटं."

"माहीत आहे," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"मग तेव्हाच का बोलली न्हाईस? तू सांगितलं असतं तर पेंटरनं खरी आई काढली असती."

"कसं सांगू? नाक कसं, तर माझ्यासारखं. डोळे कसे, तर माझ्यासारखे. आम्ही दोघी सारख्याच होतो गं. खरं सांगितलं असतं तर मीच परत तिथं येऊन बसले असते. लोक म्हणले असते, हिला बहिणीची जागा सोडवंना. अण्णांनी तोंड कुठं दाखवायचं?"

तिनं माझे केस मुठीत धरले होते, ते तसेच धरून ती बसून राहिली.

"अन् खोटं तरी काय म्हणले असते?" ती म्हणाली. "ऱ्हायचंच होतं मला तिथं. लई ऱ्हायचं होतं."